ग्रॅबला सुरुवातीचं अनुदान मलेशियाच्या सरकारने दिलं, मग कंपनी सिंगापूरची कशी झाली?

बँकॉक, बाली, सिंगापूर किंवा व्हिएतनामला फिरून आलेल्या कुणालाही विचारा, विमानतळावर उतरल्यावर मोबाईलमध्ये पहिलं ॲप कोणतं टाकलं? बहुतेक जण एकच नाव सांगतील. ग्रॅब.

आपल्याकडे ओला-उबर, तसं तिकडे ग्रॅब. टॅक्सी, जेवण, पार्सल, पैशांची देवाणघेवाण, सगळं एकाच ॲपमध्ये. २ डिसेंबर २०२१ ला ही कंपनी अमेरिकेच्या नॅसडॅक शेअर बाजारात उतरली. त्या व्यवहारात तिची किंमत साधारण ४० अब्ज डॉलर धरली गेली होती. पहिल्याच दिवशी शेअर २० टक्क्यांहून जास्त आपटला, तो भाग वेगळा. जगभरच्या बातम्यांमध्ये मात्र तिची ओळख 'सिंगापूरची कंपनी' अशीच होती.

गंमत म्हणजे ग्रॅबचा जन्म सिंगापूरचा नाहीच. २०१२ मध्ये ती मलेशियात 'मायटेक्सी' या नावाने सुरू झाली. अँथनी टॅन आणि टॅन हुई लिंग हे दोघे मलेशियन. हार्वर्डमध्ये शिकत असताना त्यांनी २०११ च्या बिझनेस प्लॅन स्पर्धेत ही कल्पना मांडली आणि दुसरा क्रमांक मिळवला. सुरुवातीच्या दिवसांत ज्यांनी त्यांना हात दिला, त्यात मलेशिया सरकारचा 'क्रेडल फंड' होता.

दोनच वर्षांत, २०१४ मध्ये, कंपनीत व्हर्टेक्स व्हेंचर्सचे पैसे आले. ही व्हर्टेक्स म्हणजे सिंगापूर सरकारच्या टेमासेकच्या मालकीची गुंतवणूक कंपनी. पाठोपाठ ग्रॅबचं मुख्यालयही सिंगापूरला हललं.

थोडक्यात, सुरुवातीचा हात मलेशियाच्या सरकारने दिला आणि नाव सिंगापूरचं झालं. आग्नेय आशियातली जवळपास सगळी सरकारं आज इन्क्युबेटरवर पैसा ओततायत. तो पैसा नेमका कुठे कामी येतो आणि कुठे वाया जातो, हे समजून घ्यायला ग्रॅबची गोष्ट बरी पडते.

आधी हे इन्क्युबेटर म्हणजे काय ते बघू

पोल्ट्रीत अंडी उबवायचं यंत्र असतं, शब्द तिथूनच आला. ठराविक ऊब द्यायची, पिल्लू बाहेर आलं की यंत्राचं काम संपलं. नव्या कंपनीसाठी ऊब म्हणजे स्वस्तात जागा, इंटरनेट, प्रयोगशाळा, वकील-सीएची मदत, धंद्यात केस पांढरे झालेल्या लोकांचा सल्ला आणि थोडं बीज भांडवल. पुण्यात एनसीएलच्या आवारातलं व्हेंचर सेंटर किंवा आयआयटी मुंबईचं 'साइन' हे आपल्याकडचे इन्क्युबेटर. ॲक्सिलरेटर त्याहून वेगळा. तिथे काही महिन्यांची बॅच असते आणि शेवटी गुंतवणूकदारांसमोर सादरीकरण.

यात सरकारचं काय काम, असा प्रश्न पडणं साहजिक आहे. पण नुसत्या कल्पनेवर कर्ज द्यायला कुठलीच बँक तयार नसते, ती तारण मागते. खासगी गुंतवणूकदार म्हणतो, आधी चालवून दाखवा. चालवून दाखवायलाच तर पैसे हवे असतात! या खड्ड्यात ज्यांच्या वडिलांकडे पैसा आहे तेच तरतात. म्हणून सरकारं मध्ये पडतात.

(अँथनी टॅनच्या घराण्याचा मोटारींचा मोठा व्यवसाय होता, हेही इथे सांगायला हवं. सरकारी अनुदान मिळालं नसतं तर ग्रॅब उभीच राहिली नसती, असं म्हणणं जरा जास्तच होईल.)

मलेशियाने काय केलं?

मलेशियाने कमी केलं असं कुणी म्हणू शकत नाही. १९९६ मध्ये महाथीर मोहम्मद पंतप्रधान असताना 'मल्टिमीडिया सुपर कॉरिडॉर'ची घोषणा झाली. पुढच्याच वर्षी सायबरजाया या नव्या कोऱ्या शहराचा नारळ फुटला. पाम तेलाच्या मळ्यांच्या जागी मलेशियाची सिलिकॉन व्हॅली उभी करायची, असं स्वप्न होतं.

२००३ मध्ये क्रेडल फंड आला. त्याची पद्धत सोपी होती. चांगली कल्पना असेल तर नमुना तयार करायला अनुदान. २०१२ च्या सुमाराला अशा एका योजनेत जास्तीत जास्त दीड लाख रिंगिट मिळायचे, म्हणजे त्या वेळच्या हिशेबाने पंचवीस लाख रुपयांच्या आसपास. कर्ज नाही, परत करायचे नाहीत आणि सरकार कंपनीत हिस्साही मागत नाही. नव्या उद्योजकासाठी यापेक्षा बरं काय असणार?

पण ग्रॅबची मेख याच शेवटच्या अटीत आहे. हिस्सा नाही म्हणजे कंपनी ४० अब्ज डॉलरची झाली तरी त्या अनुदानापोटी सरकारच्या हाती काही येत नाही. मुख्यालय कुठे असावं यावर बोलायचा अधिकारही नाही. क्रेडलने पुढे काही योजनांमध्ये थेट भागभांडवल घ्यायला सुरुवात केली, पण तोवर ग्रॅब निघून गेली होती.

एप्रिल २०१४ मध्ये आणखी एक मोठा सोहळा झाला. अमेरिकेचे अध्यक्ष बराक ओबामा मलेशियाच्या दौऱ्यावर होते. पंतप्रधान नजीब रझाक यांच्यासोबत त्यांनी सायबरजायात 'मॅजिक'चं उद्घाटन केलं. मलेशियन ग्लोबल इनोव्हेशन अँड क्रिएटिव्हिटी सेंटर हे त्याचं पूर्ण नाव. ग्रॅब सिंगापूरकडे झुकत होती त्याच वर्षातली ही गोष्ट.

मॅजिकचं पुढे काय झालं? तिथे प्रशिक्षणं झाली, बॅचेस निघाल्या. पण जागा होती राजधानीपासून दूर सायबरजायात, आणि त्या शहरात मेट्रो पोहोचायला मार्च २०२३ उजाडलं. शहराचा शुभारंभ १९९७ चा, म्हणजे मधे २६ वर्षं गेली. स्टार्टअपवाल्यांना गुंतवणूकदार भेटतात, माणसं मिळतात ती गर्दीत. रिकाम्या रस्त्यांच्या शहरात चकचकीत इमारत बांधून ती गर्दी तयार होत नाही.

त्यात राजकारण. २०१८ ते २०२२ या काळात मलेशियाने पाच पंतप्रधान पाहिले. सरकार बदललं की खातं बदलायचं, खातं बदललं की संस्थेचं नाव आणि धोरण बदलायचं. २०२१ मध्ये मॅजिकचं टेक्नॉलॉजी पार्क मलेशियासोबत विलीनीकरण झालं आणि 'मरांती' नावाची नवी संस्था तयार झाली. ओबामांनी उद्घाटन केलेलं नाव सात वर्षांत गेलं.

सिंगापूरने वेगळं काय केलं?

इथेही गोष्ट एका इमारतीचीच आहे, फक्त ती चकचकीत नव्हती.

आयर राजा भागात ७० च्या दशकात बांधलेली एक जुनी इमारत होती, ब्लॉक ७१. आपल्याकडे औद्योगिक वसाहतीत गाळ्यांची इमारत असते ना, अगदी तशीच. कारखाने निघून गेले होते आणि ती पाडायचं घाटत होतं. २०११ मध्ये नॅशनल युनिव्हर्सिटी ऑफ सिंगापूरची उद्योजकता शाखा, सरकारचं माध्यम विकास प्राधिकरण आणि सिंगटेल या टेलिकॉम कंपनीची गुंतवणूक शाखा एकत्र आली. त्यांनी इमारत वाचवली आणि गाळे स्टार्टअपना दिले. भाडं कमी, विद्यापीठ जवळ आणि शेजारच्या गाळ्यात तुमच्यासारखंच कुणीतरी डोकेफोड करत बसलेलं. दोन-तीन वर्षांत ती जगातल्या सगळ्यात दाटीवाटीच्या स्टार्टअप वस्त्यांपैकी एक म्हणून ओळखली जाऊ लागली. मग सरकारने आजूबाजूच्या इमारती जोडून तिथे 'लॉन्चपॅड' उभारलं.

पण खरी युक्ती इमारतीत नव्हती. ती पैसे वाटण्याच्या पद्धतीत होती.

२००९ च्या सुमाराला सिंगापूरच्या नॅशनल रिसर्च फाउंडेशनने 'टेक्नॉलॉजी इन्क्युबेशन स्कीम' आणली. ही कल्पना इस्रायलच्या इन्क्युबेटर कार्यक्रमावरून घेतलेली. सरकारने काही खासगी इन्क्युबेटर निवडले आणि त्यांना सांगितलं, स्टार्टअप तुम्ही निवडा. गुंतवणुकीतले ८५ टक्के आम्ही घालू, एका कंपनीत जास्तीत जास्त ५ लाख सिंगापूर डॉलरपर्यंत. उरलेले १५ टक्के तुमच्या खिशातून. कंपनी चालली तर ठराविक मुदतीत सरकारचा हिस्सा विकत घ्यायची मुभाही तुम्हाला.

नीट बघा, यात तीन गोष्टी साधल्या. एक, कोणती कंपनी चांगली हे सरकारी बाबू ठरवत नाही. दोन, जो ठरवतो त्याचे स्वतःचे पैसे अडकलेले असतात, त्यामुळे ओळखीच्या पोराला चेक फाडून द्यायचा मोह आवरतो. आणि तीन, फायदा झाला तर त्यातला मोठा वाटा इन्क्युबेटरला मिळू शकतो, म्हणून तो कंपनीमागे धावतो. अनुदान वाटून फोटो काढला की संपलं, असं इथे होत नाही.

बुडणाऱ्या कंपन्या इथेही भरपूर होत्या. पण एक कंपनी बुडाली तर सरकारने आणि इन्क्युबेटरने एका छोट्या रकमेवर पाणी सोडायचं, एवढंच. त्यासाठी कुणावर चौकशी बसत नाही.

शिवाय सिंगापूरने ऊब देऊन सोडून दिलं नाही. पुढच्या टप्प्यासाठी खासगी गुंतवणूक फंडांना सरकारी पैशाची जोड दिली. त्याहून मोठ्या रकमेसाठी टेमासेक आणि तिच्या कंपन्या होत्याच. भांडवली नफ्यावर कर नाही, कंपनी कर १७ टक्के, न्यायालयांवर परदेशी गुंतवणूकदाराचा विश्वास. माणसंही तयार केली. एनयूएसचे विद्यार्थी २००० च्या दशकाच्या सुरुवातीपासून सिलिकॉन व्हॅलीत जाऊन स्टार्टअपमध्ये वर्षभर काम करतात. 'कॅरोसेल' हे जुन्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीचं ॲप काढणारे तिघेही याच कार्यक्रमातून गेलेले.

म्हणजे गाळ्यापासून शेअर बाजारापर्यंतची प्रत्येक पायरी बांधलेली. मलेशियाने पहिली पायरी चांगली बांधली होती. दुसऱ्या पायरीवर पाय ठेवायची वेळ आली तेव्हा ग्रॅबला तो सिंगापुरात ठेवावा लागला.

हे फक्त ग्रॅबचं नाही. व्हिएतनामच्या 'टिकी' या ई-कॉमर्स कंपनीने २०२१ मध्ये आपली मालकी सिंगापूरच्या कंपनीकडे वळवली. क्रिप्टो गेममुळे गाजलेल्या 'ॲक्सी इन्फिनिटी'ची टीम व्हिएतनामची, नोंदणी सिंगापूरची. आपलंही यात नाव आहे. फ्लिपकार्टची मूळ कंपनी सिंगापूरमध्ये नोंदलेली होती, फोनपेसुद्धा तिथलीच. फोनपेने २०२२ मध्ये नोंदणी भारतात आणली, तेव्हा गुंतवणूकदारांना जवळपास ८ हजार कोटी रुपये कर भरावा लागला.

पैसा बुडाला तर तुरुंग?

इंडोनेशिया हा या भागातला सगळ्यात मोठा देश, २८ कोटी लोकसंख्येचा. २०१३ मध्ये तिथे इन्क्युबेटरच्या विकासासाठी राष्ट्राध्यक्षांचा आदेश निघाला. २०१६ मध्ये जोको विडोडो यांनी १ हजार डिजिटल स्टार्टअप घडवायची मोहीम जाहीर केली, मुदत २०२० पर्यंत. आकडा गोल असला की घोषणा बरी वाटते.

पण गोजेक २०१० मध्ये २० दुचाकीस्वार आणि एका कॉल सेंटरवर सुरू झाली होती. टोकोपीडिया त्याच्याही आधीची, २००९ ची. इंडोनेशियाच्या ज्या कंपन्यांनी देशाचं नाव केलं, त्या या मोहिमेआधीच उभ्या होत्या. सरकारी पैसा त्यांच्याकडे पोहोचला तो फार उशिरा आणि फार मोठ्या रकमेने. सरकारी टेलिकॉम कंपनी टेलकॉमची उपकंपनी असलेल्या टेलकॉमसेलने नोव्हेंबर २०२० आणि मे २०२१ मध्ये मिळून गोजेकमध्ये ४५ कोटी डॉलर घातले. गोजेक आणि टोकोपीडिया एक होऊन 'गोटू' झाली आणि एप्रिल २०२२ मध्ये ३३८ रुपियाला शेअर बाजारात आली. वर्ष संपेपर्यंत शेअर शंभरच्या खाली. जनतेचा पैसा बुडाला म्हणून संसदेत चौकशी समिती बसली.

त्याहून गंभीर प्रकरण तनीहबचं. शेतकऱ्यांचा माल थेट शहरात विकणारी ही कंपनी. तिच्यात टेलकॉमच्या एमडीआय व्हेंचर्सचे आणि सरकारी बँकेच्या बीआरआय व्हेंचर्सचे पैसे होते. कंपनी बसली. खोटे आकडे दाखवून गुंतवणूक मिळवली, या आरोपावरून २०२५ मध्ये सरकारी वकिलांनी कंपनीच्या माजी अधिकाऱ्यांना ताब्यात घेतलं. चौकशीचा रोख पुढे पैसे देणाऱ्या बाजूच्या अधिकाऱ्यांकडेही वळला. आरोप खरे की खोटे हे ठरवणं न्यायालयाचं काम.

पण खुर्चीत बसलेल्या अधिकाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून बघा. इंडोनेशियात 'सरकारी तिजोरीचं नुकसान' हा भ्रष्टाचाराच्या कायद्यातला मोठा मुद्दा आहे. स्टार्टअपचा धंदाच असा की दहातल्या बऱ्याचशा बुडणार. मग तो अधिकारी सही कशावर करेल? जिथे धोका नाही तिथे. म्हणजे आधीच मोठ्या झालेल्या, ज्यांना सरकारच्या पैशाची फारशी गरज नाही अशा कंपन्यांवर. किंवा प्रशिक्षणावर, परिषदांवर आणि इमारतींवर. सेमिनार झाला की झाला, त्याची पावती दाखवता येते. चोरी पकडलीच पाहिजे, यात वाद नाही. पण प्रामाणिकपणे लावलेला पैसा बुडणं आणि पैसा लाटणं यात कायद्याने फरक केला नाही, तर सही करायला कुणी पुढे येणार नाही.

व्हिएतनाममध्ये हीच अडचण वेगळ्या रूपात दिसते. मे २०१६ मध्ये तिथल्या सरकारने 'प्रकल्प ८४४' मंजूर केला. २०२५ पर्यंत २ हजार प्रकल्प आणि ६०० कंपन्यांना मदत करायचं लक्ष्य होतं. पण या योजनेतला पैसा मुख्यतः प्रशिक्षण देणाऱ्या, कार्यक्रम घेणाऱ्या, मार्गदर्शक पुरवणाऱ्या संस्थांकडे जातो. स्टार्टअपच्या खात्यात थेट भांडवल नाही. सरकारी भांडवल बुडालं तर जबाबदार कोण, हा प्रश्न तिथेही सगळ्यांच्या डोक्यावर टांगलेला. इमारती मात्र झाल्या. हनोईपासून साधारण ३० किलोमीटरवर होआ लाकला राष्ट्रीय नवोन्मेष केंद्राचा भव्य परिसर ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाला.

तरी व्हिएतनामने एक गोष्ट केली, जी बाकीच्यांनी बघण्यासारखी आहे. २२ डिसेंबर २०२४ ला कम्युनिस्ट पक्षाच्या पॉलिट ब्युरोने 'ठराव ५७' केला. संशोधन आणि नव्या तंत्रज्ञानात पैसा लावताना तो बुडण्याचा धोका स्वीकारावा लागेल, असं त्यात स्पष्ट म्हटलं. २०२५ मध्ये विज्ञान-तंत्रज्ञानाचा नवा कायदा करून नियम पाळून काम करणाऱ्यांना संरक्षणही दिलं. एकपक्षीय राजवट, जिथे अधिकारी चुकीला सगळ्यात जास्त घाबरतात, तिथेच हे लिहून द्यावं लागलं, हे लक्षात घेण्यासारखं. कागदावरचं संरक्षण ऐन वेळी टिकतं का, हे पहिलं मोठं प्रकरण बुडेल तेव्हा कळेल.

थायलंड, फिलिपिन्स?

थायलंडने विद्यापीठांत इन्क्युबेटर काढायला २००४ च्या सुमारास सुरुवात केली. बँकॉकच्या उत्तरेला पथुम थानीत सायन्स पार्क त्याआधीपासून आहे. पण तिथला सगळ्यात नेमका निर्णय २०२२ चा म्हणावा लागेल. ठरवून दिलेल्या क्षेत्रातल्या स्टार्टअपचे शेअर विकून झालेल्या नफ्यावर दहा वर्षं कर माफ. कारण उघड आहे, सिंगापूरला जाणाऱ्यांना थोपवायचं.

फिलिपिन्सने एप्रिल २०१९ मध्ये स्टार्टअपसाठी स्वतंत्र कायदा केला. तिथल्या विज्ञान खात्याचा भर मनिलाबाहेरच्या सरकारी विद्यापीठांमध्ये इन्क्युबेटर काढण्यावर आहे. बेटांचा देश, तेव्हा ते रास्तच. मासेमारी किंवा शेतीतला प्रश्न घेऊन काम करणाऱ्या मुलांना राजधानी गाठावी लागत नाही. यातून ग्रॅब निघेल का? बहुधा नाही. पण प्रत्येक इन्क्युबेटरमधून ग्रॅब निघालीच पाहिजे असंही नाही.

आता मलेशिया काय करतंय?

एप्रिल २०२४ मध्ये पंतप्रधान अन्वर इब्राहिम यांनी क्वालालंपूरमध्ये 'केएल ट्वेंटी' परिषद घेतली. २०३० पर्यंत जगातल्या पहिल्या २० स्टार्टअप शहरांत क्वालालंपूरला बसवायचं लक्ष्य जाहीर झालं. सरकारी गुंतवणूक संस्था खझानाने १ अब्ज रिंगिटचा निधी उभारायचं ठरवलं. हा निधी थेट स्टार्टअपला नाही, तर स्टार्टअपमध्ये गुंतवणूक करणाऱ्या फंडांना द्यायचा. म्हणजे निवड करणारा वेगळा, सरकार मागे. सिंगापूरने पंधरा वर्षांपूर्वी धरलेल्या वाटेशी हे बरंच मिळतंजुळतं. आणि या वेळी परिषद सायबरजायात नाही, राजधानीत होती.

सिंगापूरही बसून नाही. ब्लॉक ७१ नावाच्या त्या जुन्या गाळ्यांच्या इमारतीच्या शाखा एनयूएसने बाहेर काढल्यात. २०१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला. २०१७ मध्ये इंडोनेशियातल्या सलीम उद्योगसमूहासोबत जकार्तात. आता जकार्तातल्या पोरांना सिंगापूरची ऊब हवी असेल तर विमान पकडायची गरज नाही, सिंगापूरच त्यांच्या शहरात येऊन बसलंय.